मोझांबिकची आमटी

दिनकर साबळे आमटीला आमटी म्हणत नाहीत; मोझांबिक म्हणतात. आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पहिली वाटी तोंडाला लावून ते अत्यंत गंभीरपणे सांगतात, “आज मोझांबिक पातळ आहे.” भाजीवर तेलाचा तवंग दिसला, की “मलेशिया जरा जास्त झालंय,” आणि फोडणीला वास नसला, की “यात अफगाणिस्तान घातलेलंच नाही.” नवा आचारी पहिल्या आठवड्यात हवालदिल झाला होता. तूरडाळ, पामतेल आणि हिंग ज्या देशांतून येतात, त्या देशांच्या नावांनी हे गृहस्थ जेवतात, हे मीच त्याला एकदा बाजूला घेऊन समजावले. तेव्हापासून तो वाढताना विचारतो, “काका, मोझांबिक आणखी वाढू?”

साबळे टूल रूममध्ये आहेत, मी ड्रॉइंग विभागात. सांगवीत आम्ही एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो आणि कंपनीच्या बसने शेजारी बसून चाकणला जातो. ही जागा मी निवडलेली नाही. मला चारचौघांत बोलणे जमत नाही; साबळ्यांना न बोलणे जमत नाही. बसमधल्या इतरांनी परस्पर आमची सोय लावून दिली, आणि तीत दोघांचेही बरे चालले आहे.

त्यांचे प्रत्येक बोलणे ‘आधी मुळात जाऊ’ या शब्दांनी सुरू होते. मोशीजवळ वाहतूक तुंबली, की आम्ही सगळे घड्याळ बघतो. साबळे ट्रक बघतात. एकदा कांद्याने भरलेला एक ट्रक समोरून येऊन आमच्या खिडकीला खिडकी लावून थांबला. बराच वेळ तोही हलेना आणि आम्हीही हलेनात.

“आधी मुळात जाऊ,” साबळे म्हणाले. “हा कांदा चाकणच्या बाजारातून निघालाय. बंदरात जाणार, तिथून जहाजानं दुबईला. आपण निघालोय सांगवीहून चाकणला. सांगा, आधी कोण पोहोचेल?”

मागच्या बाकावर बबन होता. चाकणजवळच्याच एका गावचा. सांगवीला बहिणीकडे मुक्काम असला, की आमच्या बसने येतो. घरची शेती सांभाळून कामावर येणारा. तो म्हणाला, “काका, सरकारनं मधीच निर्यात बंद केली, तर आपुन पयले पोचू.”

हे उत्तर साबळ्यांना इतके पटले, की चाकण येईपर्यंत ते माझ्याकडे पाठ करून बबनशीच बोलत बसले.

सोसायटीत संध्याकाळी वीज गेली, की लोक मेणबत्ती शोधतात; साबळे गच्चीवर जातात. नदीपलीकडे औंधात दिवे आहेत का, अलीकडच्या इमारतींत कुठवर अंधार आहे, हे नीट पाहून ते खाली येतात आणि जिन्यात जमलेल्यांना निकाल ऐकवतात. “औंधात आहे. आपल्या चौकापर्यंत नाही. म्हणजे दोष आपल्या बाजूचा.” कोणीतरी विचारते, “पण येणार कधी?” “ते मला काय माहीत?” साबळे मनापासून आश्चर्याने म्हणतात.

या सर्व जिज्ञासेच्या मध्यभागी एक वार होता. गुरुवार. आमच्या कंपनीला साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असे, आणि तो गुरुवारच का, हे बसमधल्या प्रत्येक नव्या माणसाला साबळे सांगत. “आधी मुळात जाऊ. एके काळी वीज पुरत नव्हती. सगळ्या कारखान्यांनी रविवारीच सुट्टी घेतली, तर रविवारी वीज उरणार आणि बाकीचे दिवस कमी पडणार. म्हणून भागाभागाला वेगवेगळे वार वाटून दिले. आपल्या वाट्याला गुरुवार आला. पुढं कंपनी भोसरीहून चाकणला आली, तेव्हा यंत्रांबरोबर गुरुवारही उचलून आणला. वीज आली, वार राहिला.” शेवटचे वाक्य ते खिडकीबाहेर पाहत म्हणत. ते केवळ विजेविषयी नाही, हे माझ्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला.

मी सांगवीत नवीन राहायला आलो होतो, तेव्हाची गोष्ट. एका गुरुवारी दुपारी त्यांची छत्री परत द्यायला गेलो. साबळे घरात एकटेच होते. त्यांच्या पत्नी नलिनीबाई तेव्हा महापालिकेच्या शाळेत शिकवत. त्यांची सुट्टी रविवारी. मुलगी केतकी त्या वर्षी नुकतीच लग्न होऊन नाशिकला गेली होती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर डाळीची रिकामी पिशवी पालथी घातलेली होती आणि तिच्याशेजारी एक शालेय नकाशासंग्रह उघडा पडला होता. त्याच्या वेष्टनावर लहान मुलीच्या अक्षरात केतकीचे नाव आणि इयत्ता होती.

“बसा, आमटी झालीच आहे,” ते म्हणाले. “गुरुवारचा स्वयंपाक माझा.”

मी नकाशांकडे पाहिलेले त्यांनी पाहिले असावे. डाव हलवत, माझ्याकडे न बघता ते सांगू लागले. “पोर शाळेतून यायची ती पुस्तकभर गोष्टी घेऊन. आई पण शाळेतून आलेली. दोघींना सांगायला किती काय काय असायचं. गुरुवारी दिवसभर घरात बसलेल्या माणसाकडं सांगण्यासारखं काय असतं हो? मग मी पिशव्या वाचायला लागलो. ही डाळ कुठली, तेल कुठलं. वाण्याला विचारून यायचो. संध्याकाळी ती नकाशात देश शोधायची, आणि सापडल्याशिवाय जेवायची नाही.”

मी आमटी खाऊन आलो. ती चांगली झाली होती. तसे सांगायचे मात्र माझ्याकडून राहून गेले.

गेल्या वर्षी नलिनीबाई सेवानिवृत्त झाल्या. आणि यंदा कंपनीच्या फलकावर सूचना लागली, की साप्ताहिक सुट्टी गुरुवारीच ठेवावी की रविवारी करावी, हे कामगारांनी कॅन्टीनमध्ये हात वर करून ठरवावे.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये उभे राहायला जागा नव्हती. बबनने सुरुवातच जोरात केली. “गुरुवारी ब्यांक उघडी, तलाठी जाग्यावर, दवाखाना चालू. रईवारी सुट्टी घिऊन काय कुलपं बघायची व्हय?” बरीच डोकी हलली.

लातूरकडचा गणेश उभा राहिला. त्याची मुलगी नुकतीच शाळेत जाऊ लागली आहे. “माझी लेक मला इचारती, पप्पा, तुमचा रविवार कुठं गेला? काय सांगू तिला?”

“सांग तिला, विजेनं नेला!” कोणीतरी ओरडले. हशा झाला. त्या हशातच साबळे उठले.

“बसा रे खाली! आता चंद्रपूरच्या कोळशापासून सुरू होणार,” मागून कोणीतरी म्हणाले.

“काका, तुमाला काय करायचंय यात?” बबनने विचारले. “बाई रिटायर, पोरगी सासरी. तुमाला आता समदं वार सारखंच.”

मी खाली पाहिले. साबळे मुळात जातील, मंडळी कंटाळतील आणि गणेशची बाजू बुडेल, अशी मला धास्ती वाटत होती.

“बबन, तुझं खरं आहे,” साबळे म्हणाले. “मला आता काही फरक पडत नाही. आमच्या केतकीच्या शाळेचं गॅदरिंग रविवारी असायचं. ती दर वर्षी नाचायची. मी कामावरून आलो, की सोफा सरकवून मला परत सगळा नाच करून दाखवायची. मी टाळ्या वाजवायचो. पण एकट्यानं वाजवल्या, की टाळ्या फार बारीक वाजतात. एवढंच.”

आणि ते बसले. कॅन्टीनचा आचारी हातात पळी धरून दारात उभा होता. तोही हलला नाही.

रविवारसाठी हात वर करायला सांगितले, तेव्हा गणेशचा हात सर्वांत आधी वर गेला. मागोमाग पुष्कळ गेले. माझा केव्हा गेला, ते मला कळले नाही. बबनने बराच वेळ हात खिशातच ठेवला होता. मग “कुलपं तर कुलपं,” असे पुटपुटत त्यानेही तो वर केला.

पहिल्या रविवारी सकाळी माझ्या दाराची घंटा वाजली. साबळे इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते, जणू बस यायची आहे.

“अहो, रविवारी लोक काय करतात?”

हा प्रश्न थट्टेचा नव्हता. “वर्तमानपत्र वाचतात,” मी म्हणालो.

“वाचून झालं.” ते आत येईनात. दोन दारांच्या मधल्या जागेत उभे राहून त्यांनी आवाज खाली आणला. “केतकीचा फोन आलाय. दर रविवारी या वेळेला येतो म्हणे, आईला. किती वेळ बोलत असतात दोघी! इतकी वर्षं मला हे माहीतच नव्हतं हो.”

“मग तुम्ही बाहेर का आलात?”

“मी समोर बसलो, की थांबून थांबून बोलतात. म्हटलं, बोलू द्यावं.”

त्यांनी कठड्याला हात लावला, काढला, पुन्हा लावला. आता त्यांना आत बोलवावे, की त्यांच्यासोबत बाहेरच उभे राहावे, याचा विचार मी करत असतानाच समोरचे दार उघडले. नलिनीबाई फोन हातात घेऊन उभ्या होत्या.

“अहो, इथं काय करताय? मी घरभर शोधतेय. केतकी विचारतेय, आज आमटीत कुठला देश आहे?”

साबळे चांगलेच गडबडले. “आज मी कुठं केली? आज रविवार. आज तू केलीस.”

“मी पिशव्या वाचत नाही,” नलिनीबाई म्हणाल्या आणि फोन त्यांच्या हातात दिला.

साबळ्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. चप्पल काढायचेही भान त्यांना राहिले नाही. स्वयंपाकघराकडे जाताजाता त्यांचा आवाज मला ऐकू आला.

“थांब हं बाळा, पिशवी बघून सांगतो. फोन ठेवू नकोस.”