चौकशीवाले बोरीकर मास्तर

बोरीकर मास्तरांना किती वाजले हे जाणून घ्यायचं असलं की ते तीन जणांना विचारत. आधी शाळेच्या शिपायाला, मग वाटेतल्या शिंप्याला, मग स्टेशनवर एखाद्याला. तिघांनी एकच वेळ सांगितली की मास्तरांचा संशय बळावे. "तिघंबी एकच सांगायलेत," ते मला हळूच म्हणत, "म्हंजे ह्यात मेख हाय." तिघांनी तीन वेगवेगळ्या वेळा सांगितल्या तर मात्र ते समाधानानं मान हलवत, कारण माणसं खोटं बोलतात हे त्यांचं म्हणणं सिद्ध झालेलं असे. खरी वेळ त्यांना शेवटपर्यंत कळत नसे, म्हणून ते सगळीकडे तासभर आधी जात.

आम्ही दोघं परभणीच्या सरकारी शाळेत मास्तर होतो. निजामाचं राज्य होतं आणि तिकडे कुठेतरी मोठी लढाई चालू होती. मी गणित शिकवी, ते सायन्स. एका माळवदाखाली आमची दोन बिऱ्हाडं: एकात मी आणि आमची मंडळी, दुसऱ्यात मास्तर आणि त्यांची आई. मधे एक मातीची भिंत. जिंतूर तालुक्यातल्या बोरीचे म्हणून ते बोरीकर, नाव नारायण. हैदराबादेत कॉलेज पुरं करून त्यांना आठ वर्षं झाली होती. लग्न झालेलं नव्हतं. ताडकळसचं एक चांगलं स्थळ आलं होतं, तेव्हा मास्तरांनी मुलीच्या घराण्याची चौकशी सुरू केली. ती चौकशी पणजोबांपर्यंत पोचली तोवर मुलीचं दुसरीकडे लग्न होऊन तिला एक मूलही झालं होतं. "बघा," मास्तर मला म्हणाले, "थांबली न्हाई. मला तवाच वास आलता."

आता खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाही मास्तरांचा तितकाच संशय होता. शाळेला जाताना ते दाराला बाहेरून कुलूप लावत, आई आत असताना. मधल्या सुट्टीत आम्ही चहा पीत असू आणि हे धोतराचा सोगा धरून घरी पळत. आई थकलीय, एवढंच सांगत. घरात कोणाला घेत नसत. तेव्हाचे दिवसच असे होते की दोन माणसं बोलत उभी राहिली तर तिसरा कान टवकारी. सायन्सचा मास्तर आणि कुलूपबंद घर, म्हणजे आत बाटल्या आणि स्फोटक पूड असणार, असं गल्लीचं मत होतं. म्हातारीला उपाशी ठेवतो, असंही कोणी म्हणे. मीसुद्धा एकदोनदा भिंतीला कान लावला होता. आतून म्हातारीचा चिडका आवाज यायचा आणि मास्तरांचं दबलेलं बोलणं. शब्द कळत नसत, त्यामुळे मला हवे ते शब्द मी घालून घेत असे, आणि ते चांगले नसत.

एका शुक्रवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, मास्तर मला फिरायला म्हणून गावाबाहेर घेऊन गेले. ज्वारी निघून गेलेली, चारी बाजूंना उघडं रान. तिथे उभं राहून त्यांनी मागंपुढं बघितलं.

"तुमी कोणाला बोलणार न्हाई ना?"

"काय बोलणार नाही?"

"ते कळायच्या आधी कबूल करा."

मी कबूल केलं. तेव्हा ते म्हणाले, "मी डाक्टरीला दरखास्त करायलोय."

कॉलेजातून बाहेर पडतानाच त्यांना हैदराबादच्या डॉक्टरीच्या कॉलेजात अर्ज करायचा होता. तेवढ्यात वडील वारले, आई एकटी पडली, राहून गेलं. आता वयाची अट संपत आली होती. यंदा नाही तर कधीच नाही. "मिसरूड न फुटलेल्या पोरांजवळ बसावं लागंल," ते म्हणाले, "लोक हसतील. हसू द्या. पर आधी कळलं तर कोणीतरी पाय ओढंल." हे बोलताना त्यांचा आवाज इतका वेगळा झाला की मीच इकडेतिकडे बघायला लागलो. अर्जाबरोबर नेकचलनीचा दाखला लागत होता. ह्या माणसाची वागणूक चांगली आहे असं दोन सरकारी नोकरांनी लिहून द्यायचं. त्यातली एक सही माझी हवी होती. मी म्हटलं, आजच देतो. मास्तर घाईघाईनं म्हणाले, "आज नगं. सांगतो मी."

महिना झाला तरी सांगेनात. मग मी पेडगावला आमच्या घरी गेलो, तेव्हा काकांकडून उलगडा झाला. "तुजा एक दोस्त आलता," काका म्हणाले. "दिवसभर बसला. तू खोटं बोलायचास का, मारकुटा होतास का, समदं इचारलं. तुज्या आजीचं म्हातारपणी कोनी केलं, हेबी इचारलं."

माझ्याकडून चांगल्या वागणुकीचा दाखला घेण्याआधी ह्या गृहस्थानं माझीच वागणूक तपासायला घेतली होती. परत आल्यावर कळलं की दूधवालीलाही विचारून झालं होतं, आमच्या मंडळींना राग येतो का आणि आला तर किती वेळ टिकतो. मी तडक जाऊन जाब विचारला. मास्तर जराही ओशाळले नाहीत. "ज्याच्या सहीवर माझं नशीब, त्याला बघून घेऊ नगं?" मी त्याच रागात सही ठोकली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात वाकडी सही असेल.

खरी मेख निघाली ती भलतीकडेच. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांची जन्मतारीख होती एक आजूर, म्हणजे सरकारी फसली सालाचा पहिला दिवस. कचेरीत अर्ज तपासणाऱ्या पेशकारांनी बोरीच्या आणखी दोघांचे दाखले काढले. त्यांच्यावरही एक आजूरच. पेशकारांनी चष्म्यावरून बघितलं. "मास्टरसाब, तुमारे गाँव में सब पोट्टे एकीच दिन पैदा होते क्या?" दिवसाचं एक वेळ चाललं असतं. पण दाखल्यावरच्या सालानं मास्तर वयाच्या अटीबाहेर जात होते. पत्रिकेप्रमाणे ते दोन वर्षांनी लहान होते आणि अटीत बसत होते.

मास्तरांना गावातल्याच कोणाचातरी डाव वाटला. मला साक्षीदार म्हणून घेऊन ते बोरीला त्यांच्या जुन्या गुरुजींकडे गेले. गुरुजी आता फार म्हातारे झाले होते, पण त्यांना सगळं आठवत होतं.

"कोनाचा दिस कोनाला म्हाईत होता? नाव घातलं की मी एक आजूर लिवायचो. अन् तुजी दोन वर्सं बी मीच वाढवली. सात वर्सांचं पोर घ्यायचा हुकूम होता, तू पाचाचा. तुजी आई सकाळधरून ओट्यावर बसली. म्हनली, सात लिवा, माजं पोरगं शिकायला तटून बसलंय. मग लिवलं."

जन्मभर ज्याला वाटलं की कोणीतरी आपल्याविरुद्ध काहीतरी करतंय, त्याच्या बाबतीत एकदा ते खरंच झालं होतं, आणि करणारी त्याची आई निघाली.

पेशकार तसे भले गृहस्थ. आईला कचेरीत आणून तिचा जबाब द्या, साल दुरुस्त करून देतो, असं म्हणाले. "आई येणार न्हाई," मास्तर म्हणाले. टांगा पाठवतो म्हटलं, तरी तेच. स्वतः घरी येऊन जबाब घेतो, असं पेशकारांनी म्हटल्यावर तर मास्तर उठून उभेच राहिले. पेशकारांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. शेवटी बोरीच्या सुइणीला आणलं. गावात पटकी आली त्याच्या पुढल्या साली हा झाला, असं तिनं सांगितलं, अंगठा उठवला आणि मास्तर दोन वर्षांनी लहान झाले. पण आई का येत नाही, हे माझ्या डोक्यातून जाईना.

अर्ज गेला आणि मंजूर होऊन आला. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. मास्तरांनी मोहोर खरी आहे का ते तिघांकडून बघून घेतलं, आणि मग गप्प बसले. दहा दिवस गेले तरी ना ट्रंक, ना निरोपाची भाषा. अकराव्या दिवशी मी चिडलो. "मास्तर, एवढा घोळ घातलात तो कशासाठी? आता कशात मेख आहे?"

मास्तर मग म्हणाले, "उद्या दुपारी जेवायच्या टायमाला तुमी अन् वहिनी घरी या."

चार वर्षांच्या शेजारात आम्ही पहिल्यांदाच ते दार ओलांडलं. आत बाटल्या नव्हत्या. सारवलेली जमीन, एक बाज, आणि भिंतीशी बसलेल्या आई. पांढऱ्या केसांची वेणी मास्तरांनीच घातलेली असावी, कारण ती एका कानाकडे चालली होती. त्यांनी मास्तरांकडे बोट करून आमच्या मंडळींना विचारलं, "ह्यो कोन हाय ग? रोज माज्या घरात येतो. माजा नारायण कुठं नेला, सांगत न्हाई."

मास्तरांनी भाकरीचा तुकडा मोडला, आधी स्वतः खाऊन दाखवला, मग घास पुढं केला. आईंनी तोंड फिरवलं. परका माणूस विष घालतोय असं त्यांना वाटत होतं. हे दिवसातून दोन वेळा, चार वर्षं. भिंतीला कान लावून मी हेच ऐकत होतो, ह्याची मला इतकी लाज वाटली की मी खालीच बसलो.

"पाच वर्सं हिला कोणाजवळ ठेवू?" मास्तर आमच्याकडे न बघता म्हणाले. "वहिनी जात्यावर ओव्या म्हणत बसल्या की ही भिंतीच्या अल्याडून संगं आवाज लावते. तेवढी घडी शांत असते. म्हणून तुमचं समदं विचारून घेतलं. लय शोधलं. वाईट कायबी सापडलं न्हाई." हे त्यांनी तक्रारीच्याच सुरात सांगितलं.

आमच्या मंडळींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढं सरकून ताट आपल्याकडे ओढलं. आईंनी तिच्या हातचे दोन घास घेतले. तिसऱ्याला तिचा हात धरला.

"त्या मानसाला बी वाढ," त्या म्हणाल्या. "रोज माज्यापुढं बसतो. मला देता देता त्याचं ऱ्हातंय. उपाशी हाय त्यो."

मास्तर उठून दाराकडे तोंड करून उभे राहिले. मग हिनं दुसरं ताट वाढलं आणि नुसतं "भावजी" म्हणाली, तेव्हा ते येऊन बसले आणि मान खाली घालून पोटभर जेवले. तिसऱ्या दिवशी मी त्यांना हैदराबादच्या गाडीत बसवलं.

आई आमच्याकडे राहिल्या. नारायणची आठवण त्या क्वचित काढत. पण ताटावर बसल्या की रोज विचारत, "त्यो मानूस जेवला का?" उत्तर मिळेपर्यंत घासाला हात लावत नसत. मी मास्तरांना तसं पत्रात लिहिलं. उलट टपाली कार्ड आलं. अभ्यासाचं, हवापाण्याचं काही नाही, एवढंच होतं: "आईला सांगा, जेवला."

ते कार्ड मी रोज त्यांना वाचून दाखवत असे.