ज्या दिवशी बाराचा भोंगा झाला नाही

ताण तुम्हीच देता! हक्काची सुट्टी तुम्हीच खाता, एका माणसाच्या मानगुटीवर दोन माणसांचं काम तुम्हीच बसवता, आणि मग त्याचं डोकं गरगरायला लागलं की पुण्याहून माणूस बोलावून त्याला श्वास कसा घ्यायचा ते शिकवता! आमच्या साखर कारखान्यात ज्यानं कुणी ते परिपत्रक काढलं, त्याला हे सांगतोय. खाली सही होती, पण ती शाईत बुडून पळालेल्या मुंगळ्यासारखी. कुणाची, ते अजून कुणी कबूल करत नाही. तेव्हा तुम्ही जे कोणी असाल ते, खुर्ची ओढा, बसा आणि ऐका!

गोष्ट उत्तमरावची. उत्तमराव म्हणजे बॉयलरवरचा फायरमन, जाळ सांभाळणारा. वाफेचा भोंगा वाजवायची तार त्याच्याच हातात. छाती पुढं काढून सांगायचा, "कोंबड्याला झोप लागंल, सूर्याला ढग आडवा यील, पर माझा भोंगा चुकायचा न्हाई! पंधरा गावं माझ्या ह्या मुठीत हायेत!"

आणि ते खोटं नव्हतं. बाराचा भोंगा झाला की शिफ्ट बदलायची, शाळेची मधली सुट्टी व्हायची, गाडीवान बैलांपुढं वैरण टाकायचे आणि पंधरा गावांतल्या बायका एका दमात तव्यावर भाकरी टाकायच्या. घरोघर घड्याळं होती की! पण ती भोंग्यावर लावलेली.

आणखी एक रीत होती. थोरले चेअरमन वारले त्या दिवशी दुखवटा म्हणून बाराचा भोंगा बंद ठेवला होता. तेव्हापासून लोकांच्या डोक्यात एक गोष्ट खिळ्यानं ठोकल्यासारखी बसली. भोंगा झाला नाही, म्हणजे चेअरमन गेला! दुसरं कारणच असू शकत नाही. एवढं ध्यानात ठेवा.

तर ह्या त्र्याण्णवच्या हंगामात उत्तमरावचा जोडीदार निवृत्त झाला. त्याची जागा तुम्ही भरली नाही. पहाटे चारला आलेला उत्तमराव दुपारी बाराला सुटायच्या ऐवजी रात्री आठला सुटायला लागला. आज उद्या करता करता गाळप अर्ध्यावर आलं. एके दिवशी बॉयलरपुढं त्याला दोन बॉयलर दिसले. कारखान्याच्या डॉक्टरनं दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, आणि काटा बघून डॉक्टरच घामेजला.

"उत्तमराव, आठ दिवस रजा घ्या. पडून राहा. नाहीतर एक बाजू लुळी पडेल."

"कोनची बाजू?" चांगुणाबाईनं, त्याच्या बायकोनं विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"तार वडायचा हात गेला तर कारखाना घरी बसवंल अन् दुसरा गेला तर मला दोन हातांचं काम करावं लागंल. म्हंजी दोन्हीकडनं मीच मेले! रजा काढा!"

रजेचा अर्ज गेला. उत्तर आलं, हंगाम चालू आहे. पुन्हा गेला. हंगाम अजूनही चालू होता. तिसऱ्यांदा उत्तराऐवजी परिपत्रक आलं. 'ताण ओळखा, ताण आवरा, निरोगी राहा! सर्व कामगारांना शिबिर सक्तीचे.'

चांगुणाबाईनं कपाळाला हात लावला. "रजा मागितली तर न्हाई, अन् आता निजायचं कसं ते शिकवायला बोलवत्यात व्हय? मला बोलवा म्हनावं. मी शिकवते. एक उशी द्यायची अन् आपलं तोंड बंद ठेवायचं!"

उत्तमराव लेबर ऑफिसरकडं गेला. "साहेब, मी शिबिरात बसलो तर बाराचा भोंगा कोन देनार?"

"हैदरभाई देतील."

बॉयलरवरचा ऑइलमन हैदर मागंच उभा होता. भोंग्याची तार ओढायची परवानगी ह्या दोघांनाच. मागं एकदा एका नवख्यानं अकरालाच ओढली, तर शाळा तासभर आधी सुटली आणि मास्तर पोरांना परत बोलवायला रानोमाळ पळत होते. तेव्हापासून तिसऱ्या हाताला बंदी!

"साहेब, माझं बी नाव हाय शिबिरात," हैदर म्हणाला.

"असणारच. सक्तीचं आहे."

"मग भोंगा?"

"उत्तमराव!" साहेबानं टेबलावर थाप मारली. "हाच! हाच तुमचा ताण! सगळ्या जगाचं ओझं डोक्यावर घेऊन हिंडता. ही चिंता सोडायला शिका!"

बाहेर आल्यावर हैदर म्हणाला, "ऐकलं का उत्तमराव? चिंता सोडायचा बी हुकूम निघाला. आता न्हाई सोडली तर मेमो!"

शिबिर दहा वाजता कामगार सभागृहात सुरू झालं. गाळपाला लागतील तेवढी माणसं सोडून बाकी सगळी हजर. बॉयलरच्या जाळापाशी तेवढ्यापुरता एक नवखा उभा केलेला, पण भोंग्याच्या तारेला त्याला बंदी. टेलिफोन ऑपरेटरसुद्धा! पुण्याचे प्रवीण सर आले होते. तुळतुळीत, इस्त्रीचे, आवाज असा की बासुंदीत बोट फिरवावं. स्टेजवर पांढरी शुभ्र गादी, उशाशी समई, उदबत्तीचा हा धूर! उद्घाटनाला चेअरमन आप्पासाहेब. गळ्यात हार, अंगावर पांढरं धोतर आणि सदरा.

"आपलं मन कसं असावं?" प्रवीण सर म्हणाले. "इथल्या शनिशिंगणापूरच्या घरासारखं. त्याला दारच नको!"

हैदर उत्तमरावच्या कानाला लागला. "दार न्हाई म्हनूनच हे घुसले."

मग सरांनी सगळ्यांना कापसाचे बोळे वाटले. "बाहेरचा गोंगाट म्हणजे ताण. कानात कापूस घाला आणि आडवे व्हा. आप्पासाहेब, आधी आपण. आपण पडलात की सगळे पडतील."

आप्पासाहेब गादीवर उताणे झाले. हात बाजूला, डोळे मिटलेले, छातीवर हार, कानात कापूस, उशाशी समई. खाली सतरंज्यांवर शंभरएक कामगार ओळीनं पडले. सर स्वतःही कानात कापूस घालून, भिंतीला टेकून डोळे मिटून बसले.

उत्तमरावनं कानात कापूस घातला आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा बॉयलर गप्प झाला! आधी त्याला वाटलं, आपण मेलो. मग वाटलं, मेलो तरी बरं आहे. तरी मनात भोंगा होताच. बाराला उठायचं, पळत जायचं, तार ओढायची. मूठ वळलेली. पण साहेबाचं बोलणं आठवलं, चिंता सोडा. त्यानं एक बोट सैल केलं. मग दुसरं. पंधरा गावं मुठीतून निसटली आणि उत्तमराव असा झोपला, असा झोपला की हंगामभराची झोप एकदम अंगावर ट्रॉलीसारखी उलटली! शेजारी हैदर तर त्याच्याही आधी गेला होता.

बारा वाजले. भोंगा झाला नाही.

शाळेत मास्तर घंटेची दोरी धरून उभे राहिले. बायका परात पुढ्यात घेऊन बसल्या. गाडीवानांनी कारखान्याच्या धुराड्याकडं बघितलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग कुणीतरी टोपी काढली.

"आप्पासाहेब गेले वाटतं."

झालं! वाळल्या पाचटात आगपेटीची काडी पडावी तशी बातमी पेटली. एका गावात आप्पासाहेब हार्टनं गेले, दुसऱ्यात अपघातात आणि तिसऱ्या गावात त्यांना नगरला नेताना वाटेत प्राण सोडताना बघितलेला माणूसही सापडला! खात्री करायला लोकांनी कारखान्यात फोन लावले. फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. उचलणारा कानात कापूस घालून पडला होता. "बघा! फोन घ्यायचं बी भान न्हाई कुनाला!" दुकानांच्या फळ्या पडल्या. शाळा सुटली. उसाच्या गाड्या वाटेतच उभ्या राहिल्या आणि माणसं सभागृहाकडं लोटली. थोरले चेअरमनही दर्शनाला तिथंच ठेवले होते ना!

सगळ्यात पुढं गेटवर चहा विकणारी लंकाबाई. तिनं दार ढकललं आणि तिथंच खिळली. धूर भरलेला. स्टेजवर आप्पासाहेब पांढऱ्यात, हारात, कानात कापूस. आणि खाली? खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत माणसंच माणसं उताणी!

"अगं बया बया बया!" लंकाबाईनं जो हंबरडा फोडला, तो भोंग्याला लाजवील असा. "चेअरमन एकटं न्हाई गेलं गं! सगळी शिफ्टच घिऊन गेलं!"

"ग्यास फुटला! ग्यास!" मागून कुणीतरी ओरडलं. अर्धे लोक आत पळाले, अर्धे बाहेर पळाले आणि दारात सगळे एकमेकांत अडकले, कारखान्याच्या गव्हाणीत अडकलेल्या उसाच्या मोळीसारखे.

त्या गर्दीतून चांगुणाबाई कोपरं मारत आत शिरली. पिठाचे हात तसेच. ओळीनं एकेक तोंड बघत गेली आणि उत्तमराव दिसल्यावर त्याच्या छातीवर कोसळली.

"सांगितलं हुतं ना डॉक्टरनं! रजा द्या म्हनलं हुतं ना! मारला मेल्यांनी माझा मानूस!"

उत्तमरावनं डोळे उघडले. कानातला कापूस काढला. "कोन मेलं?"

"तुमी!"

"कवा?"

चांगुणाबाईनं त्याच्याकडं बघितलं, डोळे पुसले आणि अशी एक ठेवून दिली की पिठाची पाचही बोटं गालावर उमटली. उत्तमरावच्या लक्षात आलं, आपण जिवंत आहोत. मेलेल्याला ती कधीच मारणार नाही.

पण तिकडं स्टेजकडं कुणाचं लक्षच नव्हतं. व्हाइस चेअरमन सूर्यभान भलामोठा हार घेऊन वर चढले होते. आप्पासाहेबांच्या पायावर हार ठेवून ते माइकपुढं उभे राहिले. डोळ्याला रुमाल, नजर खुर्चीवर.

"आपण पोरके झालो! आप्पासाहेबांसारखा माणूस पुन्हा होणे नाही. आता ही अवघड जबाबदारी ह्या दुबळ्या खांद्यावर घ्यायला, मनात नसताना, मी…"

आप्पासाहेबांचा एक डोळा उघडला. त्यांनी आधी डाव्या कानातला कापूस काढला, मग उजव्या.

"सूर्यभान," ते पडल्या पडल्याच म्हणाले, "थांबलास का? पुढं बोल. कोण खांदा देतंय म्हणालास?"

सूर्यभान स्टेजवरून खाली कसे उतरले ते कुणी बघितलं नाही. नुसता माइक पडल्याचा आवाज आला. आप्पासाहेब ताडकन उठून बसले. लंकाबाई त्यांना बघून बेशुद्ध पडली. ओळीनं पडलेले मुडदे एकेक करून जांभया द्यायला लागले. गर्दी अशी पळाली की सभागृहात चपलांचा ढीग उरला! प्रवीण सरांनी आत्ता डोळे उघडले आणि गोड आवाजात विचारलं, "आता कसं हलकं वाटतंय?"

डॉक्टर धावत आला. आप्पासाहेबांच्या दंडाला तोच पट्टा, तोच फुगा. काटा चढत गेला आणि उत्तमरावचा जिथं थांबला होता नेमका तिथंच थांबला. उत्तमराव शेजारीच उभा राहून बघत होता.

"आप्पासाहेब, आठ दिवस विश्रांती. पडून राहा."

हंगाम चालू होता. तरी संध्याकाळच्या आत गाडी महाबळेश्वरकडं सुटली! अर्ज नाही, परिपत्रक नाही, काही नाही.

आणि उत्तमरावला केबिनमध्ये बोलावणं आलं.

"भोंगा का दिला नाही?" लेबर ऑफिसरनं विचारलं.

"झोपलो हुतो."

"कामावर झोपलास?"

"कामावर न्हाई साहेब, शिबिरात. तुमीच बोलवलं. सतरंजी तुमची, कापूस तुमचा. अन् भोंग्याची चिंता सोडायला बी तुमीच सांगितलं. सोडली! एवढा आज्ञाधारक मानूस ह्या कारखान्यात दुसरा दाखवा."

"तोंड वर करून बोलतोस?"

"शिबिरात खाली बघायला न्हाई शिकवलं."

दाराबाहेर हैदर हसला, तर त्यालाही आत घेतलं. दोघांना मेमो! कारण लिहिलं, 'शिबिरात प्रमाणापेक्षा जास्त झोपले.' आणि शिक्षा? ऐका, शिक्षा ऐका! दोघांनी सुट्टीच्या दिवशी येऊन तेच शिबिर पुन्हा करायचं!

आता विचारतो. डॉक्टर तोच. पट्टा तोच. काटा दोघांचा एकाच जागी. मग एकाला महाबळेश्वर आणि एकाला मेमो कसा? उत्तमराव आज पहाटेही बॉयलरवर उभा राहिला. आता चक्कर आली की तो भोंग्याच्या तारेला धरून उभा राहतो. उद्या तारेसकट खाली कोसळला तर अवेळी भोंगा होईल, पंधरा गावं भाकऱ्या टाकतील आणि माणूस मेला हे कुणाला कळणारसुद्धा नाही!

म्हणून उत्तमरावनं निरोप दिलाय. त्याच्या शब्दांत सांगतो. "उद्या बारापत्तुर रजा मंजूर झाली न्हाई, तर बाराचा भोंगा हुनार न्हाई. ह्या वक्ताला मी जागा आसन, अन् हैदर बी माझ्या बाजूनं हाय. तारेजवळ मांडी घालून, श्वास आत, श्वास बाहेर, पुण्याच्या सरांनी शिकवला तसा! मग चेअरमनला महाबळेश्वरवरनं यावं लागंल, आपन जित्ते हाये ते दाखवायला."

लंकाबाईचा घसा बसलाय, पण उद्यापर्यंत सुटेल म्हणते. सूर्यभानांनी भाषण राखून ठेवलंय. तुमची सही वाचता येत नसेल तर अंगठा उठवा, पण उत्तर द्या. रजा देता, का पुन्हा हार आणायला सांगू?