‘मार्गदीप’ बसवण्याची शास्त्रोक्त पद्धत

चालू असलेली गोष्ट का चालते हे विचारू नये, या एका तत्त्वावर मानवी संस्कृती उभी आहे. पंखा फिरतो, नळाला पाणी येतं, लग्नं टिकतात, सरकारं पाच वर्षं काढतात. यातल्या कशाच्याही मुळाशी जायला कोणी बसलाच, तर संध्याकाळपर्यंत पंखा बंद पडतो. संगणकवाल्यांना हे सत्य जरा उशिरा कळलं, पण कळल्यावर त्यांनी ते असं काही मनावर घेतलं, की चेन्नईजवळच्या सिरुसेरीत त्याच्यासाठी अख्ख्या इमारती बांधल्या.

त्यातल्याच एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर, चिरनूतन सिस्टिम्स ही कंपनी आहे. तिचा सर्वांत जुना प्रोग्रॅम म्हणजे ‘मार्गदीप’. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कामगारांपैकी कोणी कोणत्या थांब्यावर कोणत्या बसमध्ये चढायचं, याची यादी तो रोज छापतो. तो दूर कुठल्याशा सर्व्हरवर आपापला चालतो, आणि त्याच्या वाटेला कोणी जात नाही. मात्र एखादा थांबा वाढवायचा झाला, तर आधी तो आपल्या लॅपटॉपवर बसवून घ्यावा लागतो. आणि तो फक्त रुचा खांबेटे हिच्याच लॅपटॉपवर बसतो, अशी परवापरवापर्यंत कंपनीची अधिकृत भूमिका होती.

न बसण्याचं कारण शास्त्रीय आहे. मार्गदीप ‘रुबी’ नावाच्या भाषेत लिहिलेला आहे. या भाषेत लिहिणारी माणसं सगळं स्वतः लिहीत नाहीत. जगात कोणीतरी लिहून ठेवलेले तयार तुकडे आणून जोडतात. या तुकड्यांना जेम, म्हणजे रत्न, म्हणतात. (हे नाव तुकडे करणाऱ्यांनी स्वतःच ठेवलेलं आहे.) प्रत्येक रत्नाचा स्वभाव लग्नघरातल्या आत्यांसारखा: अमकी पंगतीत असेल तर मी बसणार नाही. तारखा मोजणारं जेम म्हणतं, मला नवीच रुबी हवी. तमिळ अक्षरं छापणारं जेम म्हणतं, जुनी सोडून मी हलणार नाही. ते ज्याने लिहिलं तो गृहस्थ फिनलंडमध्ये असतो आणि हल्ली मधमाश्या पाळतो. त्याला कंपनीने बरीच पत्रं पाठवली. उत्तरादाखल एकदा मधाचा फोटो आला.

बरं, जुनी रुबी बसवावी, तर तिला जुनी सुरक्षा-लायब्ररी (तीही तयार तुकड्यांचीच) लागते. ती असुरक्षित असल्यामुळे नव्या लॅपटॉपवर बसवायला मनाई आहे. सुरक्षा विभाग खास परवानगी देतो, नाही असं नाही. फक्त ती लायब्ररी सुरक्षित चालते हे आधी बसवून दाखवावं लागतं. या अटीतला विनोद सुरक्षा विभागाला अजून कोणी सांगितलेला नाही, कारण त्यांना भेटायलाही परवानगी लागते.

अशा वेळी माणूस इंटरनेटला शरण जातो. तिथल्या सल्ल्यांची विभागणी साधारण अशी आहे:

सगळं काढून टाका आणि परत घाला: चाळीस टक्के.
लॉक फाइल पुसून टाका: तीस टक्के.
लॉक फाइल मेलात तरी पुसू नका: वीस टक्के. (हे बहुधा वरच्या तीस टक्क्यांचं ऐकलेले लोक.)
मलाही हाच त्रास होतोय, कोणाला काही सापडलं का: नऊ टक्के.
सापडलं, धन्यवाद: एक टक्का.

लॉक फाइल म्हणजे कोणत्या दिवशी कोणती रत्नं कोणत्या आवृत्तीत एकमेकांशेजारी गुण्यागोविंदाने बसली होती, त्याची नोंद. आणि तो शेवटचा एक टक्का काय सापडलं ते कधीही लिहीत नाही. रुचाला हे लोक स्वभावाने तुसडे वाटत. ती तेव्हा नवी होती.

नवी होती म्हणजे अगदी कोरी. पुण्याहून येऊन नोकरीचा पहिलाच आठवडा, अजून सांबार आणि रसम यात गोंधळ होत होता. तिला कोणीतरी मार्गदीप बसवायला दिला. तिने हे काढलं, ते घातलं, अधूनमधून डोळे मिटले, आणि दुपारी पडद्यावरची शेवटची ओळ हिरवी झाली. कोणालाही झाला असता तसाच तिला आनंद झाला आणि ती मोठ्याने म्हणाली, “झालं.”

सगळा मजला उठून उभा राहिला. टाळ्या पडल्या. तोवर मार्गदीप सांभाळणारा कौशिक शेजारीच बसायचा. त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि तो ढसाढसा रडला. मॅनेजर व्यासराज यांनी म्हैसूरपाक मागवला. कौशिक त्याच संध्याकाळी कंपनी सोडून गेला, तो इतक्या घाईने, की त्याचा डबा पँट्रीतच राहिला. तो अजून तिथेच आहे. त्यात काय होतं हे बघायची छाती कोणाची झालेली नाही. रुचाला मात्र तेव्हा भरून आलं होतं. किती जीव लावतात इथली माणसं, असं तिने घरी फोन करून सांगितलं होतं.

पुढे तिचं लग्न झालं. नवरा तन्मय पुण्यात, बँकेत. तिने पुण्याच्या शाखेत बदली मागितली आणि ती तत्काळ मंजूर झाली, एका साध्या अटीवर: मार्गदीप दुसऱ्या कोणाच्याही यंत्रावर बसेल, त्या दिवशी रुचा खांबेटे यांना सोडण्यात येईल. तेव्हापासून त्यांचा संसार फोनवर चालला. तो पुण्यात कुकर लावायचा, ही इथे बसून शिट्ट्या मोजायची. सासूबाई, विद्युलताबाई, रोज विचारायच्या, “बसलं का गं?” आमच्या सुनेचं जेम अडकलंय, हे त्यांच्या भिशीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि एकीने तर त्यावर मंगळवारचा उपासही सुचवला होता. रुचाला घरी जायचं होतं. बस, एवढंच. आपल्या घरी, आपल्या माणसाजवळ. यात उपरोध काही नाही.

कंपनीने हा प्रश्न अत्यंत गांभीर्याने घेतला, म्हणजे समिती नेमली. सुसंगती समिती. अध्यक्ष व्यासराज. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी तंजावरला उतरले आणि त्याच दिवशी त्यांच्या मराठीची लॉक फाइल तयार झाली. नंतर महाराष्ट्रात मराठीच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या, यांनी एकही उतरवून घेतली नाही. घरात अजून तीच चालते, जागोजाग तमिळ जोडून, आणि कुरकुर न करता चालते. “चालतें त्यास हात लावूं नये,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते त्यांनी समितीच्या पहिल्या बैठकीत ठराव म्हणून मंजूर करून घेतलं.

समितीच्या नियमांपैकी चौथा नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मार्गदीप एखाद्या यंत्रावर नुसता बसलेला दिसणं पुरेसं नाही. ज्याचं यंत्र, त्याने तो बसल्याचं स्वतःच्या तोंडाने, चारचौघांत सांगितलं पाहिजे. उगाच कोणी कोणावर आळ घेऊ नये, म्हणून ही तरतूद.

मग एकेकाने प्रयत्न केले. श्रीवत्सने केला, संयुक्ताने केला, पगारपत्रकं करणाऱ्या राममूर्तींनीसुद्धा केला. सगळ्यांना अपयश आलं आणि पुरावा म्हणून प्रत्येकाने पडद्यावरच्या लालभडक एरर-संदेशाचा फोटो समितीला सादर केला. सगळे फोटो हुबेहूब सारखे होते. कोपऱ्यातली बॅटरीसुद्धा प्रत्येकाची बासष्ट टक्केच होती. कंपनीने लॅपटॉप एकगठ्ठा घेतले असतील, असं रुचा समजली. शिकलेल्या माणसाला हवी ती समजूत चटकन सापडते.

तेवढ्यात आयुधपूजा आली. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात, तेच हे. चेन्नईत फक्त ते मनापासून करतात. दाराशी फोडायला कोहळा आणला, चुरमुरे आले, हरभऱ्याच्या उसळीचं सुंडल आलं. मनुष्यबळ विभागाच्या कनकाने सगळ्यांचे लॅपटॉप बैठकीच्या टेबलावर ओळीने मांडले. मध्यभागी अर्थातच रुचाचा, कारण कंपनीचं खरं आयुध तेच. त्याला झेंडूचा एवढा मोठा हार घातला, की आतला पंखा कोंडला आणि लॅपटॉप तापून बंद पडला. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. बाकीचे लॅपटॉप नुसतेच झोपलेले होते. एरवी प्रत्येकाला पासवर्डाचं कुलूप असतं, पण पूजेला आयुध कुलपात कसं ठेवायचं, म्हणून कनकाने सकाळीच सगळ्यांना कुलपं काढायला लावली होती.

कनका पहिल्या लॅपटॉपपाशी गेली. गंधाचं बोट टेकवलं, वर कुंकू लावलं. बोट टेकताच पडदा जागा झाला. लॅपटॉप श्रीवत्सचा होता. पडद्यावर मार्गदीप होता, आणि नुसता बसलेला नाही, चालू. श्रीपेरुंबुदूरची यादी, तारखा बरोबर, तमिळ अक्षरं ठसठशीत.

कनकाने दुसऱ्याला बोट लावलं. संयुक्ताचा. मार्गदीप. तिसरा राममूर्तींचा. मार्गदीप, वर अक्षरं मोठी करून घेतलेली, कारण त्यांना जवळचं दिसत नाही. ती ओळीने बोट टेकवत गेली आणि ओळीने बसच्या याद्या उजळत गेल्या. शेवटचा लॅपटॉप अध्यक्षांचा. त्यांच्याकडे तर मागच्या महिन्यात वाढवलेला थांबासुद्धा होता.

उदबत्ती तेवढी आपलं काम करत राहिली.

“अक्का,” श्रीवत्स हळूच म्हणाला, “प्लीज. जानेवारींत लग्न आहे. ती बंगळूरांत.”

रुचा व्यासराजांकडे वळली. “सर, तुमच्यासुद्धा?”

“दोन वर्षें झालीं चालतें,” व्यासराज म्हणाले. “उपयोग काय? मी मॅनेजर की, हें माझें काम नव्हें.”

“म्हणजे हे बसवायला सगळ्यांना येतं?”

“बसवायास सगळ्यांस येतें, रुचाबाई. बसलें म्हणायास कोणास येत नाहीं.” त्यांनी सुंडलचा द्रोण तिच्यापुढे केला. “सोमवारीं नवीन मूल येतें. सरी, बरें? आतां घ्या.”

रुचा संतापली. सुंडल तिने न चावताच गिळलं. तक्रार करायची तर समितीकडे, आणि समिती समोर कुंकू लावून बसली होती. शिवाय चौथा नियम होताच. तिला कौशिकचं रडणं आठवलं आणि ते कशाचं होतं हे इतक्या दिवसांनी कळलं. बाहेर कोहळा फुटला. कंपनीवरची सगळी दृष्ट उतरली.

सोमवारी ऊर्मी आली. अकोल्याची मुलगी, पहिलीच नोकरी, सांबार आणि रसम यात गोंधळणारी. रुचाच्या शेजारी बसली. तिला मार्गदीप बसवायला देण्यात आला. तिने हे काढलं, ते घातलं. जेवणाच्या सुट्टीनंतर तिच्या पडद्यावर ओळी भराभर वर सरकू लागल्या, तसा मजल्यावरचा कीबोर्डांचा आवाज एकेक करत थांबला. श्रीवत्स नखं खाऊ लागला. राममूर्तींनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

शेवटची ओळ हिरवी झाली.

“ताई,” ऊर्मी कुजबुजली, “हे हिरवं आलं, म्हणजे काय?”

काही नाही, बंद कर, आणि कोणाला दाखवू नकोस: एवढं एक वाक्य पुरलं असतं. रुचाने त्यासाठी तोंड उघडलंही. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. सासूबाईंचा निरोप. बसलं का?

“म्हणजे तू हुशार आहेस,” रुचा म्हणाली. “सांग ना सगळ्यांना.”

ऊर्मीने सांगितलं.

टाळ्या पडल्या. म्हैसूरपाक आधीच मागवून ठेवलेला होता. रुचाने ऊर्मीचे दोन्ही हात हातात घेतले आणि ती ढसाढसा रडली, आणि किती जीव लावतात इथली माणसं, असं ऊर्मीच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. रुचाला लाज वाटली. खरोखर वाटली. पण लाज काय, पुण्यात बसूनही वाटून घेता येते. एग्मोर स्टेशनवरची पुण्याची गाडी गाठण्याच्या घाईत तिचा डबा पँट्रीतच राहिला, कौशिकच्या शेजारी.

पुण्यात सगळं छान आहे. कुकरच्या शिट्ट्या आता ती जवळून मोजते. तिथल्या शाखेतही एक जुना प्रोग्रॅम निघाला, कोणाच्याच यंत्रावर न बसणारा. तिला तो पहिल्याच आठवड्यात दिला. दुपारच्या चहाआधी हिरवी ओळ आली. शेजारच्याने मान वर करून विचारलं, “काय, झालं का?”

“नाही हो,” रुचा म्हणाली, आणि तिने पुरावा म्हणून लालभडक फोटो पाठवून दिला. बॅटरी बासष्ट टक्के.

आता वाचक म्हणतील, ही संगणकवाल्यांची थेरं, आपला काय संबंध? मुळीच नाही. जाता जाता एवढंच बघा, की तुमच्या घरी वायफाय गेलं, गिझर बिघडला किंवा आत्याच्या फोनमधले फोटो गायब झाले, की हाक कोणाला मारतात. तुम्हाला मारत असतील, तर कधीतरी, फार पूर्वी, तुम्ही मोठ्याने “झालं” म्हणाला होतात. त्याला आता इलाज नाही. आणि तुम्हाला मारत नसतील, तर मनःपूर्वक अभिनंदन. तुम्हाला ते येतं, हे आम्ही कोणाला सांगणार नाही.