आप्पांचे रत्तल

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर किरटे आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकते. कुणी वाचलेच तर सांभाळून घ्यावे.

भातावरचे झाकण थडथडू लागले की ओसरीवरून आमचे आप्पा ओरडत, "एक रत्तलबी नही!" आप्पा म्हणजे माझे चुलतसासरे. नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनात ते बॉयलर सांभाळत. तिथल्या जुन्या बॉयलरचा काटा वाफेचा दाब रत्तलात दाखवी, नव्याचा निराळ्याच मापात. नव्यावरचे सात म्हणजे जुन्यावरचे शंभर. दिवसभर ही मापे एकमेकांत बदलून बदलून त्यांना सवयच जडली होती. गल्लीत दोघी भांडू लागल्या, तर मध्ये न पडता सांगत, "साठवर शेतस. काटा लालपावत नही गया."

"मन्हा जाई ना लालवर, मंग समजी!" त्यांची बायको, आमच्या काकी, आतून म्हणत.

एकदा काकींना घेरी आली. आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले. दंडाला पट्टा बांधून त्यांनी पाऱ्याची नळी पाहिली आणि म्हणाले, "एकशे ऐंशी. फार आहे."

आप्पा पांढरेफटक पडले. त्यांचा बॉयलर एकशेवीसला फुटायला येई. "एकशे ऐंशी रत्तल?"

"रत्तल नव्हे. मिलिमीटर, पाऱ्याचे."

आप्पा बोटांवर पुटपुटू लागले. पंचवीस मिलिमीटरचा इंच, म्हणजे सात इंच पारा. दोन इंचाला एक रत्तल. एकदम त्यांचा चेहरा उजळला. "साडेतीन! इतलामा शिट्टीबी वाजत नही!"

डॉक्टरांनी मीठ, दळण, ओझे सगळे बंद करायला सांगितले. ते आप्पांच्या कानात शिरलेच नाही. घरी येईपर्यंत भेटेल त्याला ते साडेतीन रत्तल सांगत होते. काकीही हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या जात्यावर बसू लागल्या. मी दळते म्हटले, तर म्हणाल्या, "साडेतीनमा काय मरस का मी?"

पंधरवड्याने त्या जात्यावरच कलंडल्या. उजवा हात गेला, वाचा गेली.

डॉक्टर घरी आले. आप्पा हात जोडून म्हणाले, "साहेब, मन्हा हिसाब चुकना का?"

"हिशोब बरोबर आहे, आप्पा. पण तुमच्या बॉयलरचा पत्रा अर्धा इंच जाड. यांच्या डोक्यातली नळी केसासारखी."

 त्या दिवसापासून झाकण थडथडले तरी ओसरी गप्प असे. पहाटे मी उठले, तर ते जात्यापाशी बसलेले. मी पदर ओढून दाराशी उभी राहिले. सासऱ्यांना उठा कसे म्हणावे? शेजारचे बापू डोकावून हसले, "काय आप्पा, बायलर सोडीसन जातं धरं का?" आप्पा खुंटा फिरवत राहिले. रोज दळत, मग मी थापलेली भाकरी दुधात कुस्करून काकींना भरवत आणि जिनात जात.

असा महिना गेला. एक दिवस काकींनी घास तोंडात घोळवला, भुवया आक्रसल्या. ओठ वाकडे हलले. मला नुसता घोगरा आवाज ऐकू आला. आप्पांना मात्र कळले.

"पीठ जाडं शे म्हणस," ते मला म्हणाले. लग्न होऊन आल्यापासून ते माझ्याशी थेट असे प्रथमच बोलले.

मग उठले, डब्यातले पीठ सुपात घेतले आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा दळायला बसले.