स्वतःच्या गैरहजेरीची तालीम

कारखान्यात आगीची तालीम घेणं हे सेफ्टी ऑफिसरसाहेबांचं काम. भोंगा वाजवायचा, स्टॉपवॉच लावायचं आणि माणसं किती मिनिटांत बाहेर पडतात ते वहीत लिहायचं. वीस वर्षांत कारखान्याला आग लागली नव्हती, याचं श्रेय ते बिनदिक्कत स्वतःकडे घेत.

पण सोमवारी त्यांच्याच वयाचा स्टोअरकीपर डबा खाता खाता गेला, आणि साहेब विचारात पडले. आपण असेच पटकन गेलो तर घराचं कसं होणार? (आपलं स्वतःचं काय होणार, हा प्रश्न त्यांनी धीर होईना म्हणून बाजूला ठेवला.) उपाय त्यांना एकच ठाऊक होता. रविवारी दहा ते एक मी या जगात नाही असं समजून वागा, असं त्यांनी बायकोला आणि मुलीला बजावलं आणि रविवारी दहाच्या ठोक्याला कोपऱ्यातल्या खुर्चीत वही घेऊन बसले. तोंडातून ब्र काढायचा नाही, हा नियमही त्यांचाच.

साडेदहाला स्वयंपाकघरातला नळ निखळला. (तो त्यांनीच पहाटे सैल करून ठेवला होता, तालीम म्हटली की संकट हवंच.) साहेबांचे हात शिवशिवले, पण नियम म्हणजे नियम. बायकोनं व्हॉल्व्ह बंद केला, मुलीनं पाना आणला आणि चार मिनिटांत नळ जागेवर बसला. याच नळासाठी साहेबांना मागे अख्खा रविवार लागला होता, आणि वर प्लंबर. त्यांनी वहीत 'समाधानकारक' असं लिहिलं.

सव्वाअकराला बायकोनं सवयीनं तीन कप चहा ओतला. तिसऱ्या कपाकडे पाहून ती थांबली आणि तिचे डोळे भरून आले.

"नळ काय, कुणीही बसवेल," ती खुर्चीकडे न बघता म्हणाली. "पुन्हा असला खेळ मांडू नका. मला नाही सोसत."

नियम गेला खड्ड्यात. ते उठले आणि तिचा हात हातात घेऊन बराच वेळ तसेच उभे राहिले. आठवडाभरात पहिल्यांदाच त्यांना हलकं वाटत होतं. मग ते चहाकडे वळले, तर तिसरा कप रिकामा.

"मी प्यायले," मुलगी म्हणाली. "बाबा एकपर्यंत नाहीत ना? गार होऊन वाया गेला असता."