भवानीला गेलेली खुर्ची

"उद्या दुपारी दोनपर्यंत घर रिकामं करून दाखवतो! फर्निचरवाल्याच्या पोटी जन्मलोय मी, चेष्टा आहे का?" शिवशंकरनं शनिवारी लातूरच्या घरी पोचताच बायकोला, उज्वलाला, छातीठोकपणे सांगितलं. नांदेडच्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या या गृहस्थानं जन्मात एक स्टूलही विकलं नव्हतं. पण धंदा रक्तात असतो, यावर त्याची भारी श्रद्धा!

त्याचे वडील आप्पासाहेब यांचं लातुरात चाळीस वर्षं फर्निचरचं दुकान होतं. आप्पासाहेब गेले, दुकान मिटलं, आता घरही विकलं. रविवारी संध्याकाळी पाचला नवा मालक किल्ली घ्यायला येणार. त्याआधी उरलंसुरलं सामान विकायचं, एक सोफा नांदेडच्या फ्लॅटसाठी ठेवायचा आणि आईला, विठाबाईंना, घेऊन निघायचं. आईची अट एकच होती. आप्पासाहेबांनी स्वतःच्या हातानं केलेली, गल्ल्यामागची सागवानी खुर्ची सोबत पाहिजे.

"खुर्ची न्हाई तर मी न्हाई. हितंच खोली घेऊन ऱ्हाते."

गुडघे गेलेली, साखरेच्या गोळ्या विसरणारी आई एकटी राहणार, या काळजीनं शिवशंकरला आठवडाभर अन्न गोड लागलं नव्हतं.

रविवारी सकाळी सात वाजायच्या आतच रेणापूरचा विरूपाक्ष टेम्पो घेऊन दारात हजर! "म्हाताऱ्या आईला खुर्ची पाहिजे. गुडघे धरून उठती बिचारी." त्यानं अंगणातल्या सगळ्या खुर्च्या बसून पाहिल्या आणि बोट दाखवलं ते थेट विठाबाई बसल्या होत्या त्या खुर्चीकडे. "ही द्या."

"ती विकायची नाही!" शिवशंकर ओरडलाच.

विठाबाई हळूहळू उठल्या. खुर्चीच्या हातावरून त्यांनी एकदा हात फिरवला. "पहिलं गिऱ्हाईक हाय, शिवा. भवानी परत धाडायची न्हाई. तुझ्या बापानं भवानीला आपला निजायचा पलंग विकला होता. महिनाभर भुईवर निजलो, पण गिऱ्हाईक मोडलं न्हाई."

शिवशंकरनं घाईनं हिशेब मांडला. गिऱ्हाईकानंच नको म्हटलं तर? "घेऊ नका हो!" तो विरूपाक्षला म्हणाला. "पाय डुगडुगतो हिचा. आणि ढेकूण! रात्रभर फोडून काढतात!"

"ढेकूण?" विठाबाईंचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला. "आप्पासाहेबांच्या मालात ढेकूण? बापाची इज्जत चव्हाट्यावर मांडायलास व्हय रे?" गुडघेदुखी विसरून त्यांनी खुर्ची उलटी केली, सांधे दाखवले, पाय ठोकून दाखवले. मग विरूपाक्षला बसवून स्वतः खुर्चीच्या हातावर रेलल्या. "बघा हलती का! तुमचे नातू बसतील हिच्यावर."

दहा मिनिटांत खुर्ची टेम्पोत चढली. आणि शिवशंकरनं मोबाईलवर जाहिरात टाकून बोलावलेली गिऱ्हाइकं? ती फाटकातूनच ढेकणांची वार्ता घेऊन परत फिरली. आठ वाजेपर्यंत अंगणात कपाटं, टेबलं आणि घामाघूम झालेला शिवशंकर एवढंच उरलं.

विठाबाई पायरीवर बसल्या. "मी येत न्हाई नांदेडला."

"अगं, तूच तर विकलीस!"

"ती भवानी होती. ते वेगळं आन् हे वेगळं. अट म्हंजे अट."

वर्गात साठ पोरांना गप्प करणारा माणूस आईच्या एका वाक्यानं पळत सुटला. त्यानं नांदेडसाठी ठेवलेला सोफा भाड्याच्या टेम्पोत टाकला आणि रेणापूर गाठलं. विरूपाक्षची आई गुणाबाई खुर्चीत ऐसपैस बसल्या होत्या.

"मावशी, हा सोफा घ्या. अख्खा सोफा! फक्त खुर्ची द्या. माझी आई एकटी राहील हो!" त्यानं हात जोडले.

गुणाबाईंनी सोफ्यावर हात दाबून पाहिला. "लई मऊ हाय की!" असं म्हणत त्या उठल्या. हिशेब मिटला!

दोन वाजता शिवशंकर वाजतगाजत आल्यासारखा अंगणात शिरला. "आई, खुर्ची आणली!"

विठाबाईंनी तिच्याकडं डोळे भरून पाहिलं आणि मान फिरवली. "दुकानातली पाटी इसरलास? विकलेला माल परत घेतला जाणार न्हाई."

शिवशंकरनं घड्याळ पाहिलं. खुर्चीशिवाय आई येत नव्हती आणि खुर्ची ती घेत नव्हती! पाचला घराची किल्ली जाणार. आईला ठेवायचं कुठं?

शेवटी उज्वलाच पुढं आली. "आत्याबाई, परत नका घेऊ. विकत घ्या. आता दुकानदार हे, गिऱ्हाईक तुम्ही."

विठाबाईंचे डोळे चमकले. पदर सावरून त्या फाटकाबाहेर गेल्या आणि गिऱ्हाइकासारख्या आत आल्या. "काय हो, ही खुर्ची कशी दिली? पाय डुगडुगायलाय जणू हिचा."

"मुळीच नाही!"

"ढेकूणबी असतील."

"आप्पासाहेबांची खुर्ची आहे ही!" शिवशंकर असा काही उसळला की गल्ली ऐकत राहिली. "लातूर जिल्ह्यात असा सांधा कुणी बसवून दाखवावा! माझ्या बापाच्या मालाला नाव ठेवायचं नाही!"

विठाबाई गालातल्या गालात हसल्या. मग पदरानं डोळे पुसले. "आता शोभलास दुकानदार. दिली म्हण. पर घरपोच पाहिजे. नांदेडला. आन् मी मालासंगंच येणार, वाटंत ओरखडा पडाया नको."

उरलेली कपाटं-टेबलं नव्या मालकालाच देऊन टाकली आणि विठाबाई नांदेडला आल्या. फ्लॅटमध्ये खुर्चीवर त्या बसतात, बाकी पाहुणे सतरंजीवर. गेल्या रविवारी विरूपाक्षचा फोन आला. "मास्तर, आई सोफ्यात बसली की उठवाया दोघं लागायलेत. सोफा घेऊन जावा, खुर्ची द्या."

शिवशंकरनं घाबरून आईकडं पाहिलं.

"पाटी वाचून दाखव त्याला," विठाबाई खुर्चीतून म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आन् म्हणावं, आईला धाड हिकडं. पाळीपाळीनं बसू."