चिचुंद्रीचे दात

नारीन गावच्या ओमुरझाक गुरुजींनी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि एकदाही ते चुकले नाहीत. निदान त्यांचं तसं मत होतं. त्यामुळे त्यांच्या मुलासाठी सांगून आलेल्या मुलीची आई घर पाहायला येणार, त्याच सकाळी जवाच्या पोत्यामागून काहीतरी सुळकन पळालं, तेव्हा ते जराही डगमगले नाहीत.

"उंदीर!" त्यांची बायको सालिमा ओरडली. "शेजारचं मांजर आणा!"

"अगं, चिचुंद्री आहे ती. उंदराचे कान मोठे, हिची सोंड लांब. उंदीर धान्य खातो, ही किडे. उलट फायद्याचीच!"

"मग पोत्याला भोक काय किड्यांनी पाडलं?"

गुरुजींना हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा वाटला. पुरावाच द्यावा म्हणून त्यांनी तो जीव काचेच्या बरणीत पकडला. मग आठवलं, चिचुंद्रीला दर दोन-तीन तासांनी खायला नाही मिळालं तर ती मरते.

"शुभ दिवशी घरात मढं नको बाई!" सालिमा म्हणाली.

झालं! नवा कोट घातलेला नवरदेव बेकतुरसुद्धा आईबापांबरोबर शेणखतात गांडुळं शोधू लागला. तेवढ्यात फाटकातून आवाज आला, "पाहुणे आलेत हो!"

गुरुजींनी घाईघाईने हात पुढे केला. मुलीच्या आईच्या, तुरसुनायबाईंच्या मुठीत एक गांडूळ गेलं. त्या किंचाळल्या, सालिमा दचकली, तिच्या हातातली बरणी पडली, आणि चिचुंद्री उघड्या दारातून थेट चहाबरोबर मांडलेल्या बोरसोकच्या, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या, ढिगात शिरली.

पण तुरसुनायबाई लगेच सावरल्या. डोक्याचा रुमाल काढून त्यांनी नेम धरून टाकला आणि चिचुंद्री अलगद उचलली.

"चिचुंद्रीच आहे. उंदीर वेगळा आहे, तो बघा, पोत्याच्या भोकातून डोकावतोय."

"मी म्हटलंच होतं!" नवराबायको एका सुरात म्हणाले.

"आणि दात बघा, गुरुजी. टोकं लाल आहेत. सातवीत मी हेच लिहिलं होतं. तुम्ही खोडून 'पांढरे' केलंत आणि शून्य दिलंत."

गुरुजींनी चष्मा लावला. वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. कान तांबडे झाले.

"चुकलो, बाई," ते हळूच म्हणाले. "मार्क वाढवतो."

सालिमाच्या हातातली किटली जागीच थांबली.

"मार्क राहू द्या," तुरसुनायबाई हसल्या. "मुलगी देते, पण आधी परीक्षा. बेकतुर, उंदीर आणि चिचुंद्रीत फरक काय?"

बेकतुरने बापाकडे पाहिलं. गुरुजींचे ओठ हलले.

"गुरुजी," बाई म्हणाल्या, "कॉपी नाही चालायची!"